पाटल्या मोडण्याआधी चार प्रश्न

अगं, आधी तो मोबाइल बाजूला ठेव. बाबांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरची 'स्वादुपिंडाच्या डोक्याकडे गाठ' ही एक ओळ घेऊन तू रात्रभर त्यात शोधत बसलीस. आणि सकाळी मला पहिलं काय विचारलंस, तर 'ताई, सदर बाजारात आईच्या पाटल्यांना आज काय भाव येईल?' भाव मी सांगेन गं. या सराफ्यात माझं आयुष्य गेलंय. लग्नसराईत सोनं घ्यायला येणाऱ्या बायका आणि दवाखान्यासाठी सोनं मोडायला येणाऱ्या बायका मला पायरीवरच ओळखू येतात. म्हणूनच सांगते, पाटल्या मोडायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं हाताशी असू देत. ती नसली की पैसा भलत्या दारात आणि भलत्या क्रमानं खर्च होतो. या आजारात पैशापेक्षा मोलाचे असतात दिवस, आणि तेही त्याच्याबरोबर जातात.

प्रश्नांकडे येण्याआधी थोडं समजून घे, म्हणजे डॉक्टरांसमोर बसल्यावर गोंधळणार नाहीस.

स्वादुपिंड जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे आडवं पसरलेलं असतं. लांबी वीतभराहून जरा कमी. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोकं, मधलं धड आणि डावीकडची निमुळती शेपूट. अन्न, विशेषतः तूप-तेल पचवणारा रस ते करतं आणि रक्तातली साखर सांभाळणारं इन्सुलिनही तिथेच तयार होतं. जागा इतकी आतली, की पोट चाचपून गाठ हाताला लागत नाही. स्तनाच्या कॅन्सरला मॅमोग्राफी असते तशी सरसकट सगळ्यांसाठी याची तपासणी नाही. म्हणून हा आजार बहुतेकदा उशिरा सापडतो. यात तुझी, आईची किंवा बाबांची चूक नाही. 'आम्ही लक्षच दिलं नाही' हे आईनं रोज म्हणणं आता थांबव.

बाबांची गाठ निदान बोलली तरी. यकृतातून पित्त आणणारी नळी आतड्याकडे जाताना स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे लहानशी गाठ झाली तरी नळी दाबली जाते आणि कावीळ होते. शेपटीतली गाठ मात्र कितीतरी दिवस काही कळूच देत नाही. तिकडे पाठीत कळा येतात, वजन उतरतं, आणि लोक कंबरेला मलम चोळत बसतात.

या काविळीबद्दल मला जरा पोटतिडकीनं बोलायचंय. आपल्या रायपुरात कावीळ म्हटलं की कुणी दचकत नाही. जुन्या वस्त्यांत नळाचे पाइप नालीतून गेलेले, दूषित पाण्यानं काविळीच्या साथी आलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्यामुळे डोळे पिवळे दिसले की घरचे म्हणतात, 'पाण्याची असेल, उतरवून आणू.' मग कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून देतं. पाणी पिवळं होतं ते हाताला आधी चोळलेल्या झाडसालीच्या रसामुळे. चुन्याशी त्याची क्रिया होते. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोरा सैल पडतो आणि माळ लांब होते. पाण्यातून आलेली विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला जातं. नळी दाबल्यामुळे झालेली कावीळ मात्र दिवसेंदिवस गडदच होत जाते.

दोन्हींतला फरक घरबसल्याही बराचसा ओळखता येतो. साथीच्या काविळीत आधी ताप येतो, मळमळतं, अन्नावरची वासना उडते. नळी दाबल्याच्या काविळीत बहुतेकदा ताप नसतो आणि पोटही फारसं दुखत नाही. पण अंगाला अशी खाज सुटते की झोपेत हातपाय ओरबाडून निघतात. लघवी गर्द, सरसूच्या तेलाच्या रंगाची होते आणि शौचाला पांढुरकं, मातकट होतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसात हे दिसलं तर माळ, रस, पथ्य सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायची. कारण पित्ताशयाचा खडा असेल, पित्ताशयाचा कॅन्सर असेल किंवा स्वादुपिंडाची गाठ असेल, शोधायलाच हवं. कावीळ असताना थंडी वाजून ताप आला तर मात्र आठवड्याचीही वाट पाहायची नाही. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

आणखी एक खूण जावा-नणंदांना सांगून ठेव. पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली, घराण्यात कुणाला मधुमेह नाही, माणूस जाड नाही, उलट वजन झरझर उतरतंय, तर नुसती साखरेची गोळी घेऊन गप्प बसू नये. अशा बहुतेकांना साधा मधुमेहच असतो. पण काहींमध्ये स्वादुपिंडातल्या गाठीची ती पहिली खूण असते. डॉक्टरांना 'पोटाचा स्कॅन करायला हवा का?' एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आता पहिला प्रश्न: गाठ कसली आहे?

आपल्या बाजारात पिवळं दिसलं म्हणून कुणी सोन्याचा भाव देत नाही, आधी कसोटीवर घासून बघतात. गाठीचंही तसंच आहे. स्कॅनवर दिसली म्हणून ती कॅन्सरच, असं धरू नकोस. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर पाण्यानं भरलेली पिशवी उरते, तो कॅन्सर नव्हे. काही गाठी निरुपद्रवी असतात. काहींमधून पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून त्यांच्यावर ठरावीक काळानं स्कॅन करून लक्ष ठेवतात किंवा त्या काढतात. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे येणारी एक सूज असते. ती हुबेहूब गाठीसारखी दिसते आणि स्टेरॉइडनं ओसरते. आपल्या देशात क्वचित क्षयरोगही तिथे गाठीचं रूप घेतो.

कॅन्सरच असला तरी तोही एका जातीचा नसतो. स्वादुपिंडाच्या शंभर कॅन्सरांपैकी नव्वदच्या आसपास पाचक रसाच्या नळ्यांमधून उगवतात. डॉक्टर त्याला ॲडेनोकार्सिनोमा म्हणतात आणि तो फार आक्रमक असतो. हार्मोन तयार करणाऱ्या पेशींतून होणारा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर कमी आढळतो आणि बहुधा सावकाश वाढतो. ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांना तो होता. निदान २००३ सालचं, ते गेले २०११ साली. पित्तनळी आतड्यात उघडते त्या तोंडाशी होणारा कॅन्सरही अशीच कावीळ आणतो, पण त्यात बरं होण्याची आशा पुष्कळ जास्त असते. म्हणून 'पॅन्क्रियाजचा कॅन्सर' एवढ्या दोन शब्दांवर थांबू नकोस. प्रकार कोणता, ते कागदावर लिहून घे.

आत्याबाई म्हणत होत्या ना, 'सुई लावली की पसरतो'? त्यांना सांग, तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या आतून सोनोग्राफी करत बारीक सुईनं तुकडा घेतात. ही रुळलेली पद्धत आहे आणि त्या भीतीपायी निदान अडवून ठेवायचं नाही. गाठ स्पष्ट दिसत असेल आणि लगेच काढता येण्यासारखी असेल, तर कधीकधी तुकडा न काढता थेट शस्त्रक्रिया करतात. पण केमो सुरू करायची असेल तर तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय करायची नाही. आणि सीए १९-९ या रक्ततपासणीचा आकडा पाहून घाबरू नकोस. कुठल्याही कारणानं पित्त तुंबलं तरी तो वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो पदार्थ तयारच होत नाही. निदानासाठी तो एकटा पुरत नाही.

दुसरा प्रश्न: ती कुठवर पोचलीय?

सोनोग्राफीवर हे ठरत नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन, स्वादुपिंडासाठी खास बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो. स्वादुपिंडाला खेटून आतड्याच्या आणि यकृताच्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. गाठ त्यांच्यापासून मोकळी आहे, त्यांना टेकलीय, की तिनं त्यांना वेढलंय, यावर सगळा निर्णय असतो. मोकळी असेल तर शस्त्रक्रिया, टेकली असेल तर बहुधा आधी केमो देऊन मग शस्त्रक्रियेचा विचार. यकृतात किंवा फुप्फुसात पसरली असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो, तिथे औषधोपचार करतात.

इथे एक गोष्ट गाठीला बांध. कावीळ लवकर उतरावी म्हणून पुष्कळदा घाईनं पित्ताच्या नळीत स्टेंट घालतात. ताप असेल, कावीळ फार चढली असेल किंवा शस्त्रक्रियेला वेळ लागणार असेल तर तो लागतोच. पण शक्य असेल तेव्हा सीटी स्कॅन स्टेंटच्या आधी झालेला बरा. स्टेंट घातल्यावर आजूबाजूला सूज येते आणि गाठीची कड नीट दिसत नाही. म्हणून नम्रपणे पण ठामपणे विचार, 'डॉक्टरसाहेब, स्टेंटच्या आधी सीटी होऊ शकेल का?'

आकडे तुझ्यापासून लपवणार नाही. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा ते वीस रुग्णांचीच गाठ काढता येण्यासारखी असते. सगळ्या टप्प्यांचे रुग्ण एकत्र धरले तर अमेरिकेतही पाच वर्षांनंतर शंभरात जेमतेम तेरा हयात असतात. पण बाबा म्हणजे सरासरी नव्हे. २०१८ साली फ्रान्स आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, गाठ काढल्यावर चार औषधांची केमो घेतलेले सुमारे निम्मे रुग्ण साडेचार वर्षांनंतरही हयात होते. ते सगळे ती जड केमो सोसण्याइतके धडधाकट होते, हेही लक्षात ठेव. म्हणजे आत्ता बाबांची ताकद टिकवणं हाही उपचारच आहे.

तिसरा प्रश्न: कोण करणार आणि कुठे?

डोक्याकडची गाठ काढायच्या शस्त्रक्रियेला व्हिपल म्हणतात. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल या सर्जननी १९३५ साली ती मांडली. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढून उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडतात. यात तासन्‌तास जातात, आणि सगळ्यात नाजूक असतो तो स्वादुपिंडाचा सांधा. तिथून रस पाझरला तर जिवावर बेततं. जिथे ही शस्त्रक्रिया सतत होते तिथे धोका बराच कमी असतो, हे जगभर दिसून आलंय. म्हणून इमारत किती चकचकीत आहे ते पाहू नकोस. सरळ विचार, 'तुमच्याकडे वर्षाला किती व्हिपल होतात?' चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

आपल्याकडे मेकाहारा रुग्णालयात क्षेत्रीय कर्करोग केंद्र आहे, टाटीबंधला एम्स आहे, नव्या रायपुरात बाल्को मेडिकल सेंटर आहे. नागपूरला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईचं टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करतंय आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांचा तिथला अनुभव देशात मोठा आहे. शस्त्रक्रिया एकीकडे आणि केमो घराजवळ रायपुरात, असंही करता येतं. केमोच्या प्रत्येक फेरीला मुंबई मेल पकडायची गरज नसते. निर्णयाआधी दुसरं मत घ्यायचं असेल तर 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून टाटाच्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या मागवता येतं. मुंबईला जावंच लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. रेल्वेच्या तिकिटातली सवलत रुग्णाला आणि सोबत जाणाऱ्यालाही मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.

पैशांचंही क्रमानं कर. आधी बाबांचं आयुष्मान कार्ड काढ आणि शिधापत्रिकेप्रमाणे किती रक्कम बसते ते रुग्णालयातल्या आयुष्मानच्या खिडकीवर विचार. मोठ्या आजारांसाठी राज्याची मुख्यमंत्री विशेष स्वास्थ्य सहायता योजनाही आहे. बहुतेक ठिकाणी मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी रोख भरून मागून कागद नाचवले तर पैसे परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. हे सगळं करून जे कमी पडेल तेवढ्यासाठी पाटल्यांचा विचार करू. तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात बसेन.

पैसा आणि ओळख असली की सगळं निभतं असं वाटत असेल, तर मनोहर पर्रीकरांचं आठव. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. गोव्याचे मुख्यमंत्री, मुंबईच्या आयआयटीत शिकलेला माणूस, देशाचे संरक्षणमंत्री राहिलेले. फेब्रुवारी २०१८मध्ये मुंबईत लीलावती रुग्णालयात दाखल झाले. मग न्यूयॉर्क झालं, दिल्लीचं एम्स झालं. १७ मार्च २०१९ला ते गेले, वय अवघं त्रेसष्ट. जगातले उत्तम उपचार मिळूनही जेमतेम वर्षभर. हे तुला घाबरवायला सांगत नाही. उद्या काहीही झालं तरी 'आम्ही आणखी मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं' हे ओझं आईच्या उरावर बसू नये, म्हणून सांगतेय.

आणि चौथा प्रश्न त्यांच्याच गोष्टीतून निघतो: बाबांना काय हवंय?

पर्रीकरांना काम करायचं होतं. ३० जानेवारी २०१९ला नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. लोकांची त्यावर दोन मतं झाली. पण तो त्यांचा निर्णय होता, आजार काय आहे हे ठाऊक असताना घेतलेला. त्यांच्या आजाराचं नाव सरकारनं जाहीरपणे घेतलं ते ऑक्टोबर २०१८मध्ये. तोवर गोव्यात नुसत्या अफवा होत्या. आपल्या घरांत याहून विचित्र घडतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतं, काका-मामांना कळतं, आणि ज्याचं शरीर आहे त्यालाच सांगतात, 'काही नाही, आतड्याला सूज आहे.' त्याला सगळं कळत असतं. पण आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प बसतो.

तू तसं करू नकोस. एकदम सगळं सांगू नकोस. आधी विचार, 'बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' ते म्हणाले 'सगळं', तर सगळं सांग. म्हणाले 'तुम्हीच बघा', तर तेही मान्य कर, पण खोटं बोलू नकोस. त्यांना शस्त्रक्रियेचा धोका पत्करायचाय का, केमोचा त्रास सोसून थोडे दिवस वाढवायचेत का, की घरी नातवंडांत राहायचंय, हे त्यांच्या तोंडून येऊ दे. वेदनेबद्दलही आधीच बोलून ठेव. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ही कळ कमी करता येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन सुरक्षित असतं, त्यानं माणूस सहसा व्यसनी होत नाही. वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच भेटा. शेवटी धावाधाव करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. त्यांच्याकडे जाणं म्हणजे हात टेकणं नव्हे.

रोजच्या स्वयंपाकाचं एक सांगते, कारण तिथे सगळ्यात जास्त चुका प्रेमापोटी होतात. कावीळ म्हणून आईनं तूप, दूध, डाळ सगळं बंद केलंय आणि बाबा नुसत्या भाताच्या पेजेवर आहेत. त्यानं उरलीसुरली ताकद जाईल. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या: मऊ खिचडी, वरण, पनीर, चालत असेल तर अंडं, ताक. शौचाला तेलकट होत असेल, पाण्यावर तरंगत असेल, तर चरबी पचत नाहीये. डॉक्टर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल देतील. त्या जेवणानंतर तासाभरानं घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, आणि जेवण मोठं असेल तर उरलेल्या मध्येच. ही एवढीशी गोष्ट नीट पाळली तरी वजनाची घसरण थांबायला मदत होते. साखर घरी मोजत राहा. इन्सुलिन लागलं तर नाही म्हणू नका.

आता तुझं आणि तुझ्या भावंडांचं. ॲडेनोकार्सिनोमा निघाला तर डॉक्टरांना बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल विचार. तो दोष सापडला तर बाबांच्या औषधांची निवड बदलू शकते. शिवाय तुम्हा बहिणींना स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वेळीच तपासण्या सुरू करता येतात.

आणि रागावू नकोस, पण मी पाहिलंय. सकाळी उठल्याबरोबर तू ती गुडाखूची डबी उघडतेस, बोट फिरवतेस, आणि मग कुठे तुला शौचाला होतं. आपल्या छत्तीसगडात घरोघरी बायका हे करतात, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. गुळात कालवलेला असला तरी तो तंबाखूच आहे. बिडी-सिगारेटनं स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, तसा धूर न येणाऱ्या तंबाखूनंही होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलंय. बाबांची बिडी बंद करायला निघालीस ना? मग त्याच दिवशी तुझी डबीही बंद. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल. सकाळी कोमट पाणी घे, चाल, आणि तरी सुटत नसेल तर मेकाहारात जाऊन डॉक्टरांना मोकळेपणी सांग. त्यावर औषध असतं.

तर उद्या सकाळची कामं ठरली. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लाव आणि चारही प्रश्न पहिल्या पानावर लिही. भावाला आयुष्मानच्या खिडकीवर पाठव. तू बाबांना घेऊन सीटीची वेळ ठरव, आणि डॉक्टरांकडे एकटी जाऊ नकोस. घाबरलेल्या माणसाला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून लिहून घ्यायला मी येते.